घर दाखवणारा माणूस कोणाचा?

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले होते, 'तुम्हाला घर दाखवणारा एजंट बहुतेक वेळा तुमचा नसतो.' या एका वाक्यावर जितकी पत्रं आली, तितकी कर्जाच्या हप्त्यांवर वर्षभर लिहिलं तेव्हाही आली नव्हती. काही रागाची आहेत, ती एजंटांची. बाकीच्यांतली पाच इथे घेते. नव्या वाचकांसाठी सांगते: मी अकरा वर्षं विकणाऱ्यांची एजंट होते आणि गेली नऊ वर्षं फक्त घेणाऱ्यांसाठी काम करते. दोन्हीकडचं पापपुण्य माझ्या खात्यावर जमा आहे.

प्रश्न: ताई, आम्ही नवराबायको आठ महिने घर शोधतोय. फोटो, नकाशे, भाव, सगळं मोबाइलवर दिसतं. शिवाय एक एजंट आम्हाला दर रविवारी स्वतःच्या गाडीतून फिरवतात. माणूस फार चांगला. जास्तीत जास्त किती देऊ शकतो, कुठे ताणता येईल, हे सगळं आम्ही त्यांना मोकळेपणाने सांगितलंय. मग आणखी वेगळा एजंट कशाला ठेवायचा?

तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. 'मोकळेपणाने सांगितलंय.' अहो, का सांगितलंत?

ते गृहस्थ चांगलेच असतील, त्याबद्दल वाद नाही. पण त्यांना काम कोणी दिलंय? घर विकणाऱ्याने. जास्तीत जास्त भाव आणून देणं हे त्यांचं कर्तव्य, आणि तुम्ही तो भाव स्वतःच्या तोंडाने सांगून मोकळे झालात.

मी हे अधिकाराने सांगते, कारण गाडी चालवणारी बाई एके काळी मीच होते. एक जोडपं मागच्या सीटवर बसलं होतं. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती त्याला हळूच म्हणाली, "आपली गाडी विकली तर अजून थोडं जमेल." मला ऐकू आलं. संध्याकाळी मी मालकाला फोन केला आणि सांगितलं, उतरू नका, ते चढतील. ते चढले. मी खोटं बोलले नाही, कोणाला फसवलं नाही, ज्याची होते त्याचं काम चोख केलं. पुढे चावी मिळाल्यावर त्या मुलीने मला आभाराचं पत्र लिहिलं, दोन पानी. ते अजून माझ्या कपाटात आहे. फेकवत नाही आणि वाचवतही नाही.

हा गैरसमज काही तुमचा एकट्याचा नाही. अमेरिकेत पूर्वी रीत अशी होती, की घेणाऱ्याला दारोदार हिंडवणारा एजंटसुद्धा कायद्याने विकणाऱ्याचाच उपएजंट असायचा. १९८३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने घरांच्या दलालीवर अहवाल काढला. त्यासाठी घेणाऱ्यांना विचारलं, तर बहुतेकांची समजूत हीच, की आपल्याला फिरवतोय तो आपलाच माणूस. त्यानंतर मग तिथल्या राज्याराज्यांत 'मी कोणाचा' हे एजंटने आधीच सांगण्याचे नियम आले, आणि फक्त घेणाऱ्यांसाठी काम करणारे एजंटही वाढले.

आता मोबाइलचं. मोबाइलवर दिसते ती मागणीची किंमत. तीन मजले खाली तसंच घर गेल्या वर्षी प्रत्यक्षात कितीला गेलं, हे घर किती महिने पडून आहे, मध्ये किती वेळा भाव उतरवला, मालकाला घाई आहे का, असली तर कशाची, यातलं काहीही फोटोत येत नाही. आणि मागणीची किंमत एकदा डोळ्यांखालून गेली की डोक्यातून जात नाही, ही त्यातली खरी मेख. १९८७ मध्ये नॉर्थक्राफ्ट आणि नील या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या टूसॉनमध्ये एक प्रयोग केला. खऱ्याखुऱ्या घरात एजंटांना आणि विद्यार्थ्यांना फिरवलं, सगळ्यांना घराची तीच माहिती दिली. फक्त मागणीची किंमत कोणाला जास्त सांगितली, कोणाला कमी. ज्याला जास्त सांगितली त्याचा अंदाज वर, ज्याला कमी सांगितली त्याचा खाली. एजंटांचे अंदाज विद्यार्थ्यांइतकेच, फार तर थोडे कमी, सरकले. फरक एवढाच की विद्यार्थ्यांनी ते मान्य केलं आणि एजंट म्हणाले, छे, आम्ही त्या किमतीकडे पाहिलंही नाही!

म्हणून मी आधी आसपासचे झालेले व्यवहार मांडते, आकडा काढते, कागदावर लिहिते आणि मगच मागणी काय आहे ते बघते. हा शहाणपणा नाही, औषध आहे. मलाही लागतं.

तुम्ही एवढंच करा. येत्या रविवारी त्या गृहस्थांना शांतपणे विचारा, "हा व्यवहार झाला तर तुमचे पैसे कोण देणार? आणि लेखी तुम्ही कोणाचे?" प्रामाणिक असतील तर सरळ सांगतील. त्यानंतर त्यांच्या गाडीत हवापाण्याच्या गप्पा मारा, पैशांच्या नको.

प्रश्न: ताई, मी सव्वीस वर्षांचा आहे, मला 'तू'च म्हणा. दोन वर्षांपासून मी फक्त घर घेणाऱ्यांसाठी एजंट म्हणून काम करतोय. पहिल्याच भेटीत लोक विचारतात, "तुम्ही नेमकं करता काय?" मी वाटाघाटी, कागदपत्रं, बाजाराची माहिती असं सगळं सांगतो. ते मान डोलावतात आणि परत येत नाहीत. स्वतःचा एजंट असण्याची किंमत त्यांना पटवायची कशी?

अरे, तू जे सांगतोस ते विकणाऱ्याचा एजंटही सांगतो, त्याच शब्दांत, त्याच सुरात. मग माणसाने तुझ्यात आणि त्याच्यात फरक कसा करायचा?

माझ्याकडे एक वही आहे. जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी, कोपरे झिजलेले. घरात तिला 'नको-वही' म्हणतात. ज्या घरांना मी माझ्या माणसांना 'नको' म्हटलं, त्यांची ती नोंद. कोणी नवीन आलं की नावं-पत्ते झाकून मी तिची चार पानं त्यांच्यापुढे ठेवते आणि गप्प बसते.

एका पानावर लिहिलंय: 'हॉलच्या तीन भिंती जुन्या रंगाच्या, चौथी कालची. पलीकडे शेजाऱ्यांचं बाथरूम.' त्या भिंतीला हात लावला तर गार लागली. मालकाचा एजंट म्हणाला, सणासाठी रंगवली. एकच भिंत?

दुसरं पान: 'कागदावर तीन भाऊ, बैठकीत दोन.' तिसरा परदेशात, सही पाठवून देईल म्हणाले. तिन्ही वेळा तेच. माझ्या माणसांनी इसार तयार ठेवला होता. मी म्हटलं, तिसऱ्याशी फोनवर बोलणं होईपर्यंत एक पैसाही हलवायचा नाही. ते बोलणं कधी झालंच नाही.

तिसरं पान मला सगळ्यात आवडतं. घर उजवं, भाव रास्त, कागद स्वच्छ. सकाळी पाहिलं, दुपारी पाहिलं, खोट सापडेना. मग रात्री साडेदहाला पुन्हा गेले. झोपायच्या खोलीत भिंतीला तळहात टेकवला तर भिंत धडधडत होती. खालच्या मजल्यावर पंप होता आणि तो रात्रीच चालायचा. दिवसा दाखवणाऱ्याला हे माहीत नव्हतं असं मी समजून चालते. पण त्याला रात्री जायची गरज नव्हती, मला होती.

आणि एक पान असं आहे, ज्यावर मी स्वतःच लाल शाईने फुली मारलीय. मी 'नको' म्हटलं, रस्ता रुंद होईल आणि धूळ होईल म्हणून. त्यांनी ऐकलं नाही, घेतलं. आज सहा वर्षं मजेत राहताहेत, रस्ता तसाच आहे. हे पान मी मुद्दाम दाखवते. माझा सल्ला म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, एवढं त्यांना पहिल्याच दिवशी कळलेलं बरं.

विकणाऱ्याचा एजंट कितीही सज्जन असो, 'हे घर घेऊ नका' हे वाक्य त्याच्या तोंडून निघू शकत नाही, कारण ते त्याचं कामच नाही. तू विकतोयस ते हे एक वाक्य. तेव्हा वही कर. दोन वर्षांत तुझी निदान दहा पानं भरायला हवीत. भरत नसतील तर लोक परत का येत नाहीत याचं कारण वेगळं आहे, आणि ते तू स्वतःशीच तपास.

आता कडू भाग. तू कमिशन टक्क्यांवर घेतोस का? स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हरसन या अर्थतज्ज्ञांनी शिकागोच्या परिसरातल्या जवळजवळ एक लाख घरविक्रींचा हिशेब मांडला. तो २००८ मध्ये छापून आला. एजंट जेव्हा स्वतःचं घर विकतो तेव्हा ते तो सुमारे साडेनऊ दिवस जास्त थांबवतो आणि सुमारे ३.७ टक्के जास्त भाव मिळवतो. गिऱ्हाइकाच्या घराला तोच एजंट म्हणतो, "आलीय बोली, देऊन टाका." लबाडी म्हणून नाही, गणित म्हणून. घराची किंमत १०० धर, कमिशन दोन टक्के. बोली १०० वरून १०४ वर न्यायला आणखी दोन आठवडे राबायचं, तर एजंटच्या पदरात २ च्या जागी २.०८ पडतात. एवढ्याशासाठी कोण थांबतो?

आणि हसू नकोस, कारण घेणाऱ्याच्या एजंटचं गणित याहून वाईट आहे. तू घासाघीस करून भाव १०० वरून ९६ वर आणलास तर तुझे २ चे १.९२ होतात. जास्त राबायचं आणि कमी मिळवायचं! तुझ्यासमोर बसलेल्या हुशार माणसाला हे कळतं, तो फक्त बोलत नाही. तो मान डोलावतो आणि उठतो. म्हणून त्याच्या मनातला प्रश्न तूच आधी काढ. मी ठरावीक रक्कम घेते, घर महाग मिळो की स्वस्त. थोडी नेमणुकीच्या वेळी, उरलेली व्यवहार पुरा झाल्यावर. नेमणुकीची रक्कम घर न घेताही माझीच, म्हणून मला 'नको' म्हणताना पोटात गोळा येत नाही. काही जण 'जेवढे वाचवले त्याच्या इतके टक्के' असं ठरवतात. ऐकायला छान वाटतं. पण वाचवले कशातून? मागणीच्या किमतीतून. मग मागणी जितकी फुगलेली तितकी यांची कमाई मोठी, आणि फुगलेली घरंच दाखवावीशी वाटणार.

अजून एक गोष्ट. ज्याला तुझी गरज नाही त्याला तसं सांग. माझ्याकडे एक बाई आल्या, स्वतःच्या मावशीचंच घर घेत होत्या, मूल्यांकन करून घेतलेलं, त्याच घरात लहानपण गेलेलं. मी त्यांना एका वकिलाचा आणि एका सिव्हिल इंजिनिअरचा नंबर दिला आणि घरी पाठवलं. त्या बाईंनी नंतर तीन माणसं पाठवली. धोरण म्हणून नव्हतं केलेलं, पण झालं तसं.

जाता जाता एक धंद्यातली खूण देते, फुकट. माझा नियम आहे, घर पाहताना कौतुकही नाही आणि नापसंतीही नाही. जे काय बोलायचं ते खाली उतरून, गाडीचं दार लावल्यावर. पण माणसं विसरतात. मनासारखं काही दिसलं की तोंडातून निघतंच. मग मी पर्समधून बाटली काढून त्यांच्यापुढे धरते, "पाणी घ्या." तोंडात पाणी असलं की माणसाला बोलता येत नाही. आजवर एकाही मालकाला ते कळलेलं नाही.

प्रश्न: मी निवृत्त आहे. एक घर आवडलंय. विकणाऱ्याचा एजंट हा माझ्या पुतण्याचा मित्र. तो म्हणतो, "काका, तुमच्याकडून पण मीच बघतो. एकाच दलालीत काम होईल, तुम्हाला अर्धी माफ." पैसे वाचत असतील तर यात वाईट काय?

काका, दोन डगरींवर हात ठेवून कोणी तीर गाठत नाही. तो मुलगा प्रामाणिक आहे असं धरू. मालकाला येत्या महिन्यात पैसे हवेच आहेत, हे त्याला ठाऊक आहे. ते तो तुम्हाला सांगेल? नाही, मालकाशी बेइमानी होईल. तुम्ही मनातून आणखी थोडं द्यायला तयार आहात, हेही त्याला ठाऊक आहे. ते तो मालकाला सांगेल? तेही नाही. म्हणजे जितका तो प्रामाणिक, तितका दोघांनाही निरुपयोगी. फॉर्म भरणं, तारखा ठरवणं, निरोप इकडून तिकडे नेणं, एवढं तो करू शकेल. किती बोली लावायची आणि कुठे उठून जायचं, हे नाही. अर्धी दलाली माफ होते आहे, कारण सल्ल्याचा अर्धा भाग गायब आहे.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१८ मध्ये, अगदी मोजके अपवाद सोडून, एकाच एजंटने दोन्ही बाजू घेण्यावर बंदी घातली. डेन्मार्कमध्येही एकाच व्यवहारात एजंटला दोघांचं होता येत नाही, घेणारा आपला सल्लागार वेगळा नेमतो.

तुमची खरी अडचण नियमाची नाही, पुतण्याच्या मित्राची आहे, हे मला कळतंय. त्याला म्हणा, "बाळा, तू मालकाचाच राहा, मनापासून राहा. माझ्या बाजूने मी दुसरं कोणी बघतो, म्हणजे उद्या काही कमीजास्त झालं तर तुझ्यावर बोट यायला नको." रागावणार नाही. कदाचित सुटकेचा श्वास टाकेल. पूर्ण वेळाचा एजंट नको असेल, तर निदान वकील आणि घराची तपासणी करणारा इंजिनिअर तुमच्या पैशाने, तुम्ही निवडलेला असू द्या. त्या मुलाने सुचवलेला नको.

प्रश्न: काही ठिकाणी घेणाऱ्याच्या एजंटचे पैसेही विकणाराच देतो असं वाचलं. म्हणजे घेणाऱ्याला ही सेवा फुकटच की!

व्यवहाराच्या टेबलावर पैसे घेऊन येणारा माणूस एकच असतो, घेणारा. बाकी सगळे तिथून घेऊन जातात. तेव्हा चेकवर सही कोणाची यावरून फसू नका.

तुम्ही वाचलंत ते अमेरिकेबद्दल असणार. तिथे विकणारा ठरावीक कमिशन द्यायचा आणि त्यातला वाटा घेणाऱ्याच्या एजंटला जायचा. घेणाऱ्यांना त्यांचे एजंट सर्रास सांगत, 'तुम्हाला काहीच पडत नाही.' ३१ ऑक्टोबर २०२३ ला कॅन्सस सिटीतल्या ज्युरीने याच रीतीवरून नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स ही एजंटांची संघटना आणि काही मोठ्या कंपन्या यांच्याविरुद्ध निकाल दिला, नुकसानीचा आकडा जवळजवळ १८० कोटी डॉलर. मार्च २०२४ मध्ये संघटनेने ४१.८ कोटी डॉलरवर तडजोड केली, आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून नवे नियम लागू झाले. आता तिथल्या एजंटला घर दाखवायच्या आधी घेणाऱ्याशी लेखी करार करावा लागतो आणि आपण किती घेणार ते त्यात स्पष्ट लिहावं लागतं. 'फुकट' म्हणायची सोय गेली. मला विचाराल तर बरं झालं. फुकटच्या माणसाला कोणी कामाचा हिशेब विचारत नाही.

लेखी करार कुठेही करा, पण सहीआधी तीन गोष्टी वाचा. मुदत किती, मधेच सोडायचं तर कसं, आणि घर तुम्ही स्वतः शोधलंत तरी पैसे द्यायचे का. पहिल्याच भेटीत सहा महिन्यांची सही मागणाऱ्याला म्हणावं, आधी तीन घरं बघू.

प्रश्न: दुसऱ्यांना एवढं सांगता, तुम्ही स्वतःचं घर घेताना एजंट ठेवला होता का?

ठेवला होता. सगळे हसले. वीस वर्षं याच धंद्यात घालवलेली बाई, हिला एजंट कशाला? पण दुसऱ्यांच्या घरात मला ओलीचा वास जिन्यातच येतो. स्वतःसाठी बघायला लागले तर नाकच बंद. पहिल्या घराला त्याने 'नको' म्हटलं तेव्हा मी त्याच्याशी अकरा दिवस बोलले नाही. आठव्या दिवशी त्याचा बरोबर होता तो मुद्दा मला कळला होता, उरलेले तीन दिवस हट्टाचे.

सध्या राहते ते आम्ही पाहिलेलं पाचवं घर. स्वयंपाकघरात पूर्वेची मोठी खिडकी, खाली जुनं झाड, फांद्या थेट गजांपर्यंत आलेल्या. मालकीणबाई शेजारीच उभ्या. माझं "अगंबाई" अर्धं तोंडाबाहेर आलं होतं, तेवढ्यात त्याने माझ्यापुढे बाटली धरली.

"ताई, पाणी घ्या."